टोकदार नखे आखूड करताना

लग्नसराई संपली की नखांची खरी परीक्षा सुरू होते. मेंदी, हिरवा चुडा आणि पैठणी यांच्या जोडीला आता बदामाच्या आकाराची किंवा सुईसारखी निमुळती कृत्रिम नखे हाही नवरीच्या साजाचा ठरलेला भाग झाला आहे. फोटोत ती सुरेख दिसतात, यात शंका नाही. पण पूजा उरकून पाहुणे पांगले की ब्लाउजचे हूक लागत नाहीत, कणीक मळताना पीठ नखाखाली जाऊन बसते, मोबाइलवर भलतेच अक्षर उमटते, कॉन्टॅक्ट लेन्स काढताना छातीत धडधडते आणि वरणभात कालवायचा कसा, हा प्रश्न पडतो. नखांसाठी चांगले पैसे मोजलेले असतात, त्यामुळे ती काढून टाकणे जिवावर येते. मग ‘थोडी आखूड करू’ म्हणून घरातला नेलकटर हातात घेतला जातो. कट् असा आवाज होतो आणि कृत्रिम नख टोकापासून थेट मुळाच्या दिशेने तडकते. पुष्कळदा खालच्या खऱ्या नखाचाही एखादा पापुद्रा घेऊनच ते निघते.

असे का होते, हे समजायला आधी खरे नख पाहावे लागेल. नख केराटिनचे बनलेले असते. केसांत असते तेच हे प्रथिन. त्याचे पातळ थर एकावर एक बसून सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा तयार होतो. हा पत्रा लवचीक असतो, थोडा वाकतो आणि पुन्हा सरळ होतो. तो तयार होतो मुळाशी, कातडीखाली झाकलेल्या भागात. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे संपूर्ण नख नव्याने यायला सहा महिने लागतात. आपल्याला दिसणारा नखाचा भाग निर्जीव असतो. त्यामुळे ‘नखांना अधूनमधून श्वास घेऊ द्या’ या लोकप्रिय सल्ल्याला शास्त्रीय आधार नाही. नख हवेतून काहीच घेत नाही, त्याचे पोषण मुळाशी असलेल्या रक्तपुरवठ्यातून होते. पण निर्जीव असल्यामुळेच नखाला स्वतःची डागडुजी करता येत नाही. कातडीला खरचटले तर आठवड्यात भरून येते. घासून पातळ झालेले नख मात्र तो भाग वाढून कापला जाईपर्यंत पातळच राहते. कृत्रिम नख दोन तासांत नवे बसवता येते, खरे नख यायला सहा महिने. आखूड करताना हा हिशेब डोक्यात असला की निम्म्या चुका टळतात.

वर बसवलेले नख कशाचे आहे, हेही माहीत हवे. सगळ्यात साधा प्रकार म्हणजे तयार प्लॅस्टिकचे नख, ज्याला प्रेस-ऑन म्हणतात. ते चिकटपट्टीने किंवा गोंदाने बसते. दुसऱ्या प्रकारात नखाच्या टोकाशी प्लॅस्टिकची ‘टिप’ चिकटवून तिच्यावर अ‍ॅक्रिलिकचा थर देतात. द्रव आणि पूड एकत्र आली की काही मिनिटांत तो दगडासारखा कडक होतो. तिसरा प्रकार जेलचा. ते निळसर प्रकाशाच्या दिव्याखाली घट्ट होते. अ‍ॅक्रिलिक आणि जेल या दोन्हींचे रासायनिक कुळ एकच, अ‍ॅक्रिलेट. दात भरायच्या सिमेंटमध्ये आणि कवळीतही याच कुळातले पदार्थ असतात. तो योगायोग नाही. १९५४ साली फ्रेड स्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याचे काम करताना नख तुटले आणि त्याने हाताशी असलेल्या दातांच्या सामग्रीतून तात्पुरते नख बनवले, अशी या धंद्याच्या जन्माची कथा सांगितली जाते.

खरे नख लवचीक आणि वरचा थर ताठ, इथेच अडचण आहे. नेलकटरच्या दोन पात्यांमध्ये नख सापडते तेव्हा आधी ते दाबून सपाट होते आणि मग कापले जाते. खऱ्या नखाला हे चालते. अ‍ॅक्रिलिकच्या कमानीला चालत नाही, कारण ती वाकायच्या आधी तडकते. तडा थांबतो तो थर जिथे सगळ्यात जाड आहे तिथे, किंवा तिथेही न थांबता खऱ्या नखात शिरतो.

टोकदारपणाचा दोष वेगळाच. शाळेत शिकलेली तरफ आठवावी. बोटाच्या पुढे आलेले नख हा तरफेचा दांडा, आणि नख जिथे कातडीपासून सुटे होते ती जागा हा टेकू. पुढे आलेली लांबी दुप्पट झाली की टोकाला बसलेल्या तेवढ्याच धक्क्याचा मुळाकडे पोहोचणारा जोर दुप्पट होतो. कारच्या दाराच्या कडीत अडकलेले लांब नख म्हणूनच नुसते तुटत नाही, तर उचकटते. खालच्या कातडीपासून ते सुटते आणि आत पोकळी तयार होते. शिवाय निमुळता आकार देण्यासाठी नखाच्या दोन्ही बाजू घासून काढलेल्या असतात, आणि नखाची ताकद तर त्या बाजूंमध्येच असते. लांबी अर्ध्याने कमी केली तर हा जोरही अर्धा होतो. म्हणून नखे काढायची नसतील तर निदान आखूड करावीत, या विचारात दम आहे.

लांबीची टोकाची किंमत काय असू शकते, हे पुणेकरांनी पाहिले आहे. पुण्याचे श्रीधर चिल्लाळ यांनी १९५२पासून डाव्या हाताची नखे कापली नाहीत. एका हाताच्या सर्वांत लांब नखांचा गिनेस विक्रम त्यांच्या नावावर झाला. पाच नखांची एकूण लांबी नऊ मीटरच्या पुढे गेली होती. जुलै २०१८मध्ये न्यूयॉर्कमध्ये विजेच्या हत्याराने ती कापली गेली. तोवर तो हात कायमचा अधू झाला होता, बोटांची नेहमीची हालचाल उरली नव्हती. ती नखे खरी होती आणि गोष्ट टोकाची होती, हे मान्य. पण नखाचे ओझे शेवटी बोटाला सोसावे लागते, एवढे त्यातून दिसते.

आता प्रत्यक्ष आखूड करण्याकडे वळू. प्रेस-ऑन नखे असतील तर हे काम बोटाला चिकटवण्याआधीच करावे. नख टेबलावर, हातात धरून हवे तेवढे घासता येते आणि खऱ्या नखाला धक्काही बसत नाही. सगळ्यात सुरक्षित मार्ग हाच, आणि नेमका तोच घाईत विसरला जातो.

बोटावर बसवलेली नखे आखूड करायची असतील तर हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत आणि तळहात स्वतःकडे वळवून नखाखाली पाहावे. बोटाची कातडी नखाला जिथे चिकटलेली असते ती रेषा प्रत्येकाची सारखी नसते. बरेच दिवस लांब नखे वापरणाऱ्यांत ती पुष्कळ पुढे सरकलेली असू शकते. वरून पाहून अंदाज बांधला तर जिवंत कातडीच कापली जाते. या रेषेच्या पुढे किमान दोन-तीन मिलिमीटर सोडून पेन्सिलने खूण करावी. दहाही नखांवर आधी खुणा कराव्यात, मगच पहिल्या नखाला हात घालावा. एकेक नख करत गेले की शेवटच्या नखापर्यंत सगळी वेडीवाकडी होतात.

वरचा थर नसलेली नुसती प्लॅस्टिकची टिप असेल तर तिच्यासाठी मिळणारा सरळ पात्याचा टिप-कटर चालतो. तो नसेल तर लहान कातरीने एका कडेपासून मध्यापर्यंत आणि मग दुसऱ्या कडेपासून मध्यापर्यंत असे दोन तुकड्यांत कापावे. मधोमध एकदम दाबू नये. अ‍ॅक्रिलिक किंवा जेलचा थर असेल तर कापण्याचा मोह टाळून फक्त फायलरने घासावे. फायलरचा नंबर काचपेपरसारखाच असतो, आकडा लहान तेवढा कागद खरखरीत. लांबी कमी करायला १०० किंवा १५० नंबरचा, कडा गुळगुळीत करायला १८० आणि शेवटी २४०चा घ्यावा. खऱ्या नखाला २४०पेक्षा खरखरीत काही लागू देऊ नये. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने नखाचे टोक दोन्ही बाजूंनी धरून ठेवावे. फायलर चालताना नख थरथरते, आणि त्या थरथरीनेच मुळाशी चिकटलेला थर सुटू लागतो. करवत चालवल्यासारखे पुढे-मागे घासू नये, कडेकडून मध्याकडे एकाच दिशेने घासावे. चटका जाणवला की फायलर उचलावा. घर्षणाची उष्णता नखाखालच्या कातडीपर्यंत लगेच पोहोचते. विजेवर फिरणाऱ्या मशिनने तर ती काही सेकंदांत पोहोचते. घरी, स्वतःच्या हातावर, एका हाताने ते मशिन चालवणे म्हणजे संकटाला आमंत्रण आहे.

आकाराबाबत एक गोष्ट आधीच मान्य करावी. टोकदार नखाचे टोक कापले की ते चौकोनी होत नाही, नुसते बोथट आणि चमत्कारिक दिसते. त्याच्या बाजू आत वळलेल्या असतात आणि गेलेली रुंदी परत येत नाही. म्हणून सुईच्या आकारातून बदामी, बदामीतून लंबगोल आणि लंबगोलातून गोल असा उतरता क्रम ठेवावा. बाजूंना जवळजवळ हात लावू नये, फक्त टोक वळवून घ्यावे. चौकोनी नखेच हवी असतील तर बाजू समांतर आहेत तिथपर्यंत, म्हणजे जवळजवळ बोटापर्यंत आखूड करण्याची तयारी हवी.

आखूड केल्यावर आणखी एक गोष्ट लक्षात येते. नवी कड जाड दिसते, नाण्याच्या कडेसारखी. कृत्रिम नख मध्यभागी जाड आणि टोकाला पातळ असते. टोक गेले की जाड भागच कड बनतो. ही जाडी वरच्या बाजूने, टोकाजवळच्या भागात, हलक्या हाताने घासून उतरवावी. खालून घासायला गेले की फायलर कातडीत घुसतो. मुळाजवळचा भाग मात्र घासू नये. जेल पॉलिश असेल तर कापलेल्या कडेतून पाणी आत जाऊ शकते, म्हणून शेवटी साध्या रंगहीन नेलपॉलिशचा हात कडेवरून फिरवावा. नखाभोवतीच्या कातडीला खोबरेल तेल चोळावे, पण हे सगळे झाल्यावर. आधी तेल लावले तर पॉलिश धरत नाही.

या सगळ्या घासण्यातून जी पांढरी पूड उडते, तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. खरा धोका तिथे आहे. अ‍ॅक्रिलेट पूर्ण घट्ट झाले की ते बऱ्यापैकी निरुपद्रवी असते. त्रास देतात ते घट्ट न झालेले सुटे रेणू. दिवा आणि जेल एकमेकांना जुळणारे नसतील, थर जाड असेल किंवा वेळ कमी दिला असेल, तर वरून कडक वाटणाऱ्या नखात असे रेणू राहून जातात आणि पुडीबरोबर बोटांवर, चेहऱ्यावर आणि नाकात जातात. ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त संचांत ही शक्यता अधिक. त्यातून होणारी अ‍ॅलर्जी आता इतकी परिचित झाली आहे, की अमेरिकेतल्या संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली ‘वर्षाचा अ‍ॅलर्जीकारक पदार्थ’ म्हणून अ‍ॅक्रिलेटची निवड केली. ब्रिटनमधल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८मध्ये घरगुती संचांबाबत जाहीर इशारा दिला. त्यानंतर युरोपीय संघाने जेलमधला ‘हेमा’ हा घटक व्यावसायिकांपुरता मर्यादित केला, आणि प्रकाशाने जेल घट्ट करणारा ‘टीपीओ’ हा घटक सप्टेंबर २०२५पासून प्रसाधनांत पूर्ण बंद केला.

ही अ‍ॅलर्जी फसवी आहे. बोटांची टोके कोरडी पडतात, भेगाळतात, नखाभोवती खाज येते, हे समजण्यासारखे. पण कित्येकदा पुरळ उठते ते पापण्यांवर, गालावर किंवा मानेवर, कारण दिवसभरात बोटे तिथे लागतात. मग नखांचा संशयच येत नाही. गजकर्ण समजून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइड मिसळलेले मलम आणले जाते, चार दिवस बरे वाटते आणि नखे पुन्हा भरून आणली की त्रास दुपटीने परततो. पापण्यांना वारंवार खाज येत असेल तर नखांबद्दल डॉक्टरांना आपणहून सांगावे. पाठीवर पट्ट्या लावून करायच्या पॅच टेस्टने निदान होऊ शकते. मोठ्या रुग्णालयांच्या त्वचाविभागात तिची चौकशी करावी.

ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की साधारणपणे जन्मभर राहते. आणि ती नखांपुरती थांबत नाही. पुढे दाताचे सिमेंट, कवळी, गुडघा किंवा खुबा बदलताना हाड जोडायला वापरतात ते सिमेंट, मधुमेहींच्या दंडावर चिकटवायचा साखर मोजणारा सेन्सर, या सगळ्यांत याच कुळातले पदार्थ असतात. पंचविशीतल्या हौसेचा अडथळा साठीतल्या शस्त्रक्रियेत येऊ शकतो. म्हणून नखे घासताना खिडकी उघडी ठेवावी, नाका-तोंडावर चांगला मास्क असावा, पूड फुंकू नये. ओल्या कपड्याने टिपून घ्यावी आणि हात वाहत्या पाण्याखाली धुवावेत. लहान मूल शेजारी नको. ओले जेल कातडीला लागले तर लगेच पुसावे. रबरी मोजे घातले म्हणजे झाले, असेही नाही. हे रेणू साध्या मोज्यांतून काही मिनिटांत पार जातात.

हौस करणारीचा संबंध या पुडीशी महिन्यातून एकदा येतो. नेल स्टुडिओत काम करणाऱ्या मुली मात्र रोज आठ-नऊ तास, बंद एसीच्या खोलीत, ती श्वासाबरोबर घेत असतात. त्यांच्यात हाताच्या त्वचादाहाबरोबर दमाही होऊ शकतो. टेबलावर पूड ओढून घेणारा पंखा आहे की नाही, हे गिऱ्हाइकाने विचारले तर त्यात दोघींचाही फायदा आहे.

थर एका कडेने सुटलेला दिसला तर आखूड करण्याचा बेत रद्द करावा. त्या फटीत भांडी घासताना, केस धुताना पाणी शिरते आणि बाहेर पडत नाही. तिथे स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढतात आणि नखावर हिरवट डाग उमटतो. तो बुरशीचा समजून वरून आणखी एक थर देऊन झाकणे किंवा फटीत गोंद भरणे, हे दोन्ही उपाय आजार आत कोंडतात. कृत्रिम नख काढून खालची जागा कोरडी ठेवणे, ही उपचाराची पहिली पायरी. औषध डॉक्टर ठरवतील. जंतू गेले तरी डाग नख वाढून पुढे जाईपर्यंत दिसतो, त्याची धास्ती नको. नखुरडे झाले, म्हणजे कडेची कातडी लाल होऊन ठणकू लागली, पू दिसला, तर थांबण्यात अर्थ नाही. मधुमेह असेल तर त्याच दिवशी दाखवावे.

काढायची ठरवली तर ओढून काढू नये. नखे पातळ झाल्याची तक्रार घेऊन येणाऱ्यांचे नुकसान बहुतेक वेळा कृत्रिम नखाने नव्हे, ते उचकटण्याने आणि जोराने घासण्याने झालेले असते. अ‍ॅक्रिलिक आणि बहुतेक जेल पॉलिश अ‍ॅसिटोनमध्ये पंधरा-वीस मिनिटांत मऊ होते. कडक जेल मात्र विरघळत नाही, ते घासूनच काढावे लागते आणि ते काम जाणकारावर सोपवावे. प्रेस-ऑन नखे कोमट साबणाच्या पाण्यात बुडवून सुटतात. अ‍ॅसिटोन झटकन पेट घेते, म्हणून गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवघरातल्या दिव्याजवळ हे करू नये. नखांचा गोंद सुती कपड्यावर सांडला तर त्याची सुतावर प्रक्रिया होऊन उष्णता निर्माण होते आणि कातडी भाजते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

काहींनी मात्र आखूड-लांबच्या चर्चेत न पडता ही नखे टाळलेलीच बरी. तान्ह्या बाळाची आई आणि त्याला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या घरातल्या बायका यांत पहिल्या. टोकदार नख बाळाच्या किंवा स्वतःच्या बुबुळाला लागले तर नुसते पाणी येऊन थांबेल असे नाही. जखमेत जंतू किंवा बुरशी शिरली तर नजर जाऊ शकते. अशा वेळी घरात उरलेले डोळ्यांचे थेंब घालू नयेत, विशेषतः स्टेरॉइडचे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे.

रुग्णसेवेत असणाऱ्यांसाठी तर पर्यायच नाही. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका नवजात अतिदक्षता विभागात १९९७ आणि १९९८मध्ये, पंधरा महिन्यांच्या काळात, ४६ बाळांमध्ये स्यूडोमोनास जंतू आढळले आणि त्यांतली १६ दगावली. त्या बाळांमधल्या जंतूंशी जुळणारे जंतू दोन परिचारिकांच्या हातांवर मिळाले. एकीची स्वतःची नखे लांब होती, दुसरीने लांब कृत्रिम नखे लावली होती. सगळे मृत्यू नखांमुळेच झाले, असे कोणी म्हटले नाही. पण नखाखालचे जंतू हात धुऊनही पूर्ण जात नाहीत, हे नक्की. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाला हात लावणाऱ्याने कृत्रिम नखे लावू नयेत, आणि खऱ्या नखांचेही पुढे आलेले टोक अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी असावे. घरी अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांची जखम पुसणारी, त्यांची लघवीची नळी हाताळणारी सून किंवा मुलगी हीसुद्धा रुग्णसेवाच करत असते.

आणि स्वतः रुग्ण व्हायची वेळ आली तर? कोविडच्या काळापासून घरोघरी पल्स ऑक्सिमीटर आले. बोटातून प्रकाश पार करून तो रक्तातला ऑक्सिजन मोजतो. जाड थर आणि गडद रंग यांमुळे त्याचे आकडे चुकू शकतात, आणि नख लांब असेल तर बोट चिमट्यात नीट बसतही नाही. घाईची वेळ असेल तर बोट आडवे धरून बाजूने चिमटा लावून पाहावा किंवा पायाच्या बोटाला लावावा. ठरलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी किंवा बाळंतपणाच्या तारखेच्या आधी दोन्ही हातांचे निदान एकेक नख पूर्ण मोकळे करून घ्यावे. ते राहून गेले असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना टेबलावर जाण्याआधी सांगावे.